इंग्रजी लिहिताना कॉमा कुठे द्यायचा आणि कुठे नाही

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजी मजकुरात ईमेल असतात, अहवाल असतात, व्हिसासाठीची पत्रं असतात, अधूनमधून एखादा शोधनिबंधही असतो. लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमात शिकलेले. त्यांचे काळ बरोबर असतात, शब्दही ठीक असतात. घोळ होतो तो कॉमाचा, आणि तोही त्याच त्या ठरावीक जागी. मराठीत जिथे आपण स्वल्पविराम देतो किंवा बोलताना थांबतो, तिथेच इंग्रजीतही हात आपोआप कॉमाकडे जातो. म्हणून कॉमाचे नियम सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा मराठीची सवय नेमकी कुठे आडवी येते हे ओळखलेलं जास्त उपयोगी पडतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

शाळेत बहुतेकांना एकच नियम सांगितलेला असतो: वाचताना थोडं थांबावंसं वाटलं की कॉमा. मोठ्याने वाचण्यापुरता तो ठीक आहे, लिहिण्यासाठी पुरत नाही. आजच्या इंग्रजीत कॉमा मुख्यतः वाक्याची रचना दाखवतो, श्वास दाखवत नाही. पूर्वी असं नव्हतं. अठराव्या शतकातलं इंग्रजी गद्य पुष्कळसं वाचणाऱ्याच्या दमावर चालायचं. अमेरिकेच्या राज्यघटनेची 1791 मधली दुसरी दुरुस्ती पाहा. शस्त्रं बाळगण्याचा लोकांचा हक्क, असा लांबलचक कर्ता संपतो आणि ‘शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड’ या क्रियापदाच्या आधी चक्क कॉमा येतो. आज कुणी असं लिहिलं तर कोणताही संपादक तो कॉमा खोडेल. मराठीत विरामचिन्हं रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी. पुढे मराठीने आपला स्वल्पविराम बराचसा कानावर सोपवला आणि इंग्रजी रचनेकडे सरकत गेली. आपली अडचण याच फरकातून येते.

इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीतच दिली आहेत. मराठी वाक्याशेजारी ठेवून वाचली की फरक पटकन डोळ्यांत भरतो.

पहिली पायरी: मसुद्यातले सगळे कॉमा काढून टाका

हे ऐकायला टोकाचं वाटेल, पण करून पाहा. लिहून झालेला परिच्छेद घ्या आणि त्यातला एकूण एक कॉमा पुसा. मग प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा, त्याच्याखाली रेघ ओढा आणि त्याचा कर्ता कोणता ते पाहा. एका वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्या किती जोड्या आहेत हे कळलं की अर्धं काम झालं.

आता कॉमा परत घालायला लागा, पण प्रत्येकासाठी कारण सांगता आलं पाहिजे. कारणं फार नाहीत. दोन पूर्ण वाक्यं जोडली आहेत, मुख्य वाक्याच्या आधी काही प्रस्तावना आली आहे, मधेच जास्तीची माहिती घातली आहे, यादी आहे, कुणाला तरी हाक मारली आहे किंवा कुणाचं बोलणं जसंच्या तसं दिलं आहे. ‘इथे जरा थांबावंसं वाटलं’ हे कारण या यादीत बसत नाही.

दुसरी पायरी: कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा नको

मराठीत कर्ता लांबला की आपण दम घेतो. ‘गेल्या वर्षी कोल्हापूरला भेटलेले ते सद्गृहस्थ, आज आपल्याकडे आले आहेत’ असं बोलताना सहज थांबतो, आणि लिहितानाही तसाच स्वल्पविराम पडतो. इंग्रजीत हीच सवय अशी उतरते: “द न्यू मशीन इन्स्टॉल्ड लास्ट मंथ इन द सेकंड युनिट, इज नॉट वर्किंग.” मशीन हा कर्ता, इज हे क्रियापद. कर्ता कितीही लांब असला तरी मध्ये कॉमा येत नाही.

यात एक बारकावा आहे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दोन कॉमा चालतात, एक चालत नाही. “मिस्टर पाटील, द चीफ इंजिनिअर, हॅज अप्रूव्ड द ड्रॉइंग” हे बरोबर आहे, कारण ‘द चीफ इंजिनिअर’ ही मधे घातलेली माहिती आहे आणि ती दोन्ही बाजूंनी बंद केली आहे. पहिला कॉमा देऊन दुसरा विसरणं ही अतिशय सर्रास दिसणारी चूक. प्रतिज्ञापत्रांच्या इंग्रजीत तर ती हमखास सापडते. “आय, द अंडरसाइन्ड, रेसिडिंग अ‍ॅट…” असं सुरू होतं, वय, व्यवसाय, पत्ता सगळं ओळीने येतं, आणि पत्ता संपून ‘डू हिअरबाय स्टेट’ येतं तिथला शेवटचा कॉमा गायब असतो. मधली माहिती जिथे संपते ती जागा शोधून तिथे तो दिलाच पाहिजे.

तिसरी पायरी: ‘की’ आणि ‘दॅट’

‘तो म्हणाला, की उद्या सुट्टी आहे.’ मराठीत ‘की’च्या आधी स्वल्पविराम देणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकीचं मानलं जात नाही. तीच लकब इंग्रजीत गेली की “ही सेड, दॅट टुमॉरो इज अ हॉलिडे” असं वाक्य तयार होतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत असं लिहिलेलं सापडेलही, पण आजच्या इंग्रजीत ‘दॅट’च्या आधी इथे कॉमा नाही. “आय थिंक दॅट”, “प्लीज नोट दॅट”, “वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट”, सगळं सलग.

बोलणं जसंच्या तसं अवतरणात दिलं असेल तेव्हा मात्र कॉमा लागतो: ही सेड, “टुमॉरो इज अ हॉलिडे.” ‘दॅट’ गेला आणि अवतरणचिन्ह आलं की कॉमा येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

याच कुळातल्या आणखी दोन लकबी इथेच सांगून टाकतो. ‘जसे की,’ आणि ‘उदाहरणार्थ,’ यांच्यानंतर आपण थांबतो, म्हणून “सच अ‍ॅज, मँगोज अँड कॅश्यूज” असं लिहिलं जातं. ‘सच अ‍ॅज’नंतर कॉमा कधीच नाही. ‘फॉर एग्झाम्पल’नंतर मात्र असतो. दुसरी लकब ‘जरी’ची: “ऑल्दो, इट वॉज रेनिंग…” ‘ऑल्दो’नंतर लगेच कॉमा देऊ नका, तो पुढे ते पोटवाक्य पूर्ण झाल्यावर येतो. वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या ‘बट’ किंवा ‘अँड’नंतरही कॉमा नको.

चौथी पायरी: दोन वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवू नका

‘पाऊस सुरू झाला, आम्ही आडोशाला उभे राहिलो, अर्ध्या तासाने निघालो.’ हे मराठी वाक्य छान आहे. त्याला लय आहे, कुणालाही ते खटकणार नाही. इंग्रजीत अशी दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली तर ती चूक धरली जाते, आणि परीक्षेत, संपादनात किंवा परदेशी ग्राहकाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात ती सगळ्यात आधी नजरेत येते. “द मीटिंग इज कॅन्सल्ड, वी विल मीट ऑन मंडे.” इथे दोन कर्ते आहेत, दोन क्रियापदं आहेत, आणि दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहतात.

यातून बाहेर पडायचे मार्ग बरेच आहेत. पूर्णविराम द्या: “द मीटिंग इज कॅन्सल्ड. वी विल मीट ऑन मंडे.” ऑफिसच्या ईमेलमध्ये मी बहुतेक वेळा हाच सुचवतो, कारण छोटी वाक्यं वाचणाऱ्याला सोपी जातात. दोन गोष्टींचा जवळचा संबंध दाखवायचा असेल तर अर्धविराम वापरा. किंवा जोडशब्द आणा आणि त्याच्याआधी कॉमा द्या: “द मीटिंग इज कॅन्सल्ड, सो वी विल मीट ऑन मंडे.”

असे जोडशब्द सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. इंग्रजी शिकवणारे त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ असा शब्द पाठ करून घेतात. या यादीबाहेरचे शब्द दोन पूर्ण वाक्यं असं जोडू शकत नाहीत, आणि खरी फसगत इथेच होते. ‘हाउएव्हर’ आपल्याला ‘पण’सारखा वाटतो, ‘देअरफोर’ हा ‘म्हणून’सारखा. मग “आय कॉल्ड हिम, हाउएव्हर ही डिड नॉट आन्सर” असं लिहिलं जातं. अर्थ ‘पण’सारखाच असला तरी व्याकरणात ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे, जोडशब्द नाही. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, आणि कॉमा ‘हाउएव्हर’च्या नंतर: “आय कॉल्ड हिम. हाउएव्हर, ही डिड नॉट आन्सर.” देअरफोर, मोरओव्हर, अदरवाइज, या सगळ्यांना हेच लागू. ‘देन’बाबतही सावध राहा. “ही साइन्ड द फॉर्म, देन ही लेफ्ट” यातही दोन वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटली आहेत. ‘अँड देन’ केलं की प्रश्न मिटतो.

उलट्या बाजूची चूकही तितकीच आढळते. जोडशब्द दिसला की कॉमा द्यायचाच असा समज करून घेतला जातो. “शी ओपन्ड द फाइल, अँड रेड द नोट.” इथे ‘अँड’नंतर नवा कर्ता आलेला नाही. तीच बाई फाइल उघडते, तीच टिपण वाचते. मग कॉमा कशाला? “शी ओपन्ड द फाइल अँड रेड द नोट.” नवा कर्ता आला की कॉमा द्यायचा: “शी ओपन्ड द फाइल, अँड हर असिस्टंट रेड द नोट.” पहिल्या पायरीत कर्ता आणि क्रियापद यांच्या जोड्या मोजायला सांगितल्या त्या याचसाठी. दोन्ही वाक्यं अगदी लहान असतील तर कॉमा गाळलेला चालतो, पण सवय नसेपर्यंत तो दिलेलाच बरा.

पाचवी पायरी: ‘जो-तो’ची वाक्यं

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी ही पायरी आहे. इथे कॉमाने अर्थच बदलतो, आणि मराठीच्या रचनेत त्याची काही खूण मिळत नाही.

‘जे कर्मचारी रविवारी कामावर आले, त्यांना एक दिवस सुट्टी मिळेल.’ या मराठी वाक्यात मधला स्वल्पविराम अगदी नैसर्गिक आहे, आणि सुट्टी फक्त रविवारी आलेल्यांनाच मिळणार हे स्पष्ट आहे. आता इंग्रजीत दोन प्रकारे लिहून पाहू.

“द एम्प्लॉईज हू वर्क्ड ऑन संडे विल गेट अ डे ऑफ.”

“द एम्प्लॉईज, हू वर्क्ड ऑन संडे, विल गेट अ डे ऑफ.”

पहिल्या वाक्यात सुट्टी फक्त रविवारी आलेल्यांना आहे. दुसऱ्याचा अर्थ असा होतो की सगळेच कर्मचारी रविवारी आले होते आणि सगळ्यांनाच सुट्टी आहे. शब्द तेच, क्रम तोच. सूचना फलकावर दुसरं वाक्य लागलं तर रविवारी घरी असलेला माणूसही सुट्टी मागू शकतो, आणि त्याची बाजू व्याकरणाने भक्कम असते.

ठरवायचं कसं? मधला तुकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. कोणाबद्दल बोलतोय हे अजूनही नेमकं कळत असेल, तर तो तुकडा जास्तीची माहिती आहे, त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा द्या. ‘कोणते कर्मचारी?’ असा प्रश्न उभा राहत असेल, तर तो तुकडा ओळख पटवण्यासाठीच आहे, तिथे एकही कॉमा नको.

विशेषनाम असलं की बहुधा कॉमा लागतात, कारण नावानेच ओळख पटलेली असते. “सोलापूर, विच इज फेमस फॉर इट्स चादर्स, लाइज ऑन द मुंबई-चेन्नई रेल्वे लाइन.” सोलापूर एकच, चादरींची माहिती जास्तीची. पण “द टाउन दॅट इज फेमस फॉर इट्स चादर्स” म्हटलं तर चादरींवरूनच गाव ओळखायचं आहे, म्हणून कॉमा नाही. ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या अशा पोटवाक्याला कॉमा लागतच नाही. अमेरिकी लेखनात ओळख पटवायला ‘दॅट’ आणि जास्तीच्या माहितीला कॉमासह ‘विच’ अशी वाटणी बरीच काटेकोरपणे पाळतात. ब्रिटिश इंग्रजीत ओळख पटवण्यासाठीही ‘विच’ चालतो, फक्त कॉमाशिवाय.

‘विच’चा आणखी एक वापर आहे, त्यात मागच्या एका शब्दाकडे नाही तर पूर्ण घटनेकडे बोट असतं: “द बस वॉज लेट, विच मेड मी मिस द इंटरव्ह्यू.” इथे आधी कॉमा नेहमीच येतो.

नाव आणि ओळख शेजारी शेजारी आली की हाच प्रश्न येतो. “द मराठी पोएट कुसुमाग्रज वॉन द ज्ञानपीठ अवॉर्ड फॉर 1987.” यात कॉमा नाही, कारण मराठीत कवी अनेक आहेत आणि नावावरूनच कोणता कवी ते कळतं. “द मराठी पोएट, कुसुमाग्रज, वॉन…” असं लिहिलं तर मराठीत कवी एकच, असा अर्थ निघतो. शब्दांची जागा बदलली की गणित बदलतं: “कुसुमाग्रज, द मराठी पोएट, वॉन…” यात कॉमा बरोबर आहेत, कारण नाव आधीच आलं आहे. “माय फ्रेंड मीरा” कॉमाशिवाय लिहितात, मित्रमैत्रिणी एकाहून जास्त असतात म्हणून. “माय वाइफ, मीरा,” यात कॉमा येतात. “माय ब्रदर” म्हणाल तेव्हा भाऊ किती आहेत त्यावर ठरवा.

संगणकावरच्या व्याकरण तपासनिसांवर या पायरीत विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉमा राहिला किंवा जास्त झाला हे ते इतर ठिकाणी बऱ्यापैकी पकडतात. पण तुम्हाला भाऊ एक की तीन, रविवारी सगळे आले होते की निम्मे, हे त्यांना कळायला काही मार्ग नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

सहावी पायरी: पोटवाक्य आधी की नंतर

मराठीत ‘जर… तर’, ‘जेव्हा… तेव्हा’ यांची पोटवाक्यं बहुतेक वेळा आधी येतात. इंग्रजीत ती आधीही येतात, नंतरही, आणि कॉमा त्या जागेवर ठरतो. आधी आली तर कॉमा: “इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल द प्रोग्रॅम.” नंतर आली तर सहसा नाही: “वी विल कॅन्सल द प्रोग्रॅम इफ इट रेन्स.” व्हेन, आफ्टर, बिफोर, अनटिल यांनाही हेच लागू.

सुरुवातीला पोटवाक्य नसून ‘यस्टरडे’, ‘इन 2019’ असे एकदोन शब्दच असतील तर कॉमा ऐच्छिक आहे. तुकडा लांबला की द्या. वाचणारा अडखळण्याचा धोका असेल तर लांबी न पाहता द्या. “व्हाइल आय वॉज वॉशिंग द बेबी स्लेप्ट.” वाचणारा आधी बाळालाच धुतोय असं समजतो आणि मग मागे येतो. ‘वॉशिंग’नंतर कॉमा दिला की अडथळा जातो.

‘बिकॉज’च्या आधी सहसा कॉमा नको, पण वाक्यात नकार असेल तर नीट पाहा. “ही डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.” नोकरी सोडली, पण कारण पगार नव्हतं? की पगार चांगला होता म्हणून सोडलीच नाही? ‘पगारामुळे त्याने नोकरी सोडली नाही’ हे मराठी वाक्यही तसंच दुहेरी आहे, बोलताना आपण ते आवाजाने सावरतो. इंग्रजी लेखनात ‘बिकॉज’च्या आधी कॉमा दिला तर दुसरा अर्थ पक्का होतो. पहिला अर्थ हवा असेल तर वाक्यच बदललेलं चांगलं: “ही लेफ्ट द जॉब, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी.”

सातवी पायरी: यादी आणि ‘अँड’च्या आधीचा कॉमा

‘आंबे, फणस आणि काजू’ लिहिताना ‘आणि’च्या आधी आपण स्वल्पविराम देत नाही. इंग्रजीत यावर दोन पंथ आहेत. ‘मँगोज, जॅकफ्रूट, अँड कॅश्यूज’ यातल्या शेवटच्या कॉमाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. अमेरिकेतले पुस्तक प्रकाशक तो देतात, वर्तमानपत्रं शक्यतो गाळतात. आपल्याकडची बहुतेक इंग्रजी वर्तमानपत्रंही गाळतात.

गाळलेल्या कॉमाची किंमत किती होऊ शकते याचं अमेरिकेतलं एक प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. राज्याच्या कायद्यात काही कामं या मोबदल्यातून वगळलेली होती, आणि त्या यादीचा शेवट असा होता: “स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन ऑफ” नाशवंत पदार्थ वगैरे. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. कंपनीचं म्हणणं, डिस्ट्रिब्युशन हे वेगळं काम आहे, चालक तेच करतात, म्हणून त्यांना जादा पैसे लागू नाहीत. चालकांचं म्हणणं, इथे वगळलेलं काम एकच आहे, ते म्हणजे पॅकिंग, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्युशनसाठी. आणि पॅकिंग तर आम्ही करतच नाही. यादीतल्या बाकीच्या सगळ्या कामांच्या शेवटी ‘इंग’ आहे, डिस्ट्रिब्युशनच्या नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. कंपनीचा युक्तिवाद असा की राज्याचे कायदे लिहिण्याच्या नियमपुस्तिकेतच शेवटचा कॉमा देऊ नये असं सांगितलं आहे. 2017 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर विधिमंडळाने त्या कलमात कामांच्या मध्ये अर्धविराम घातले.

माझा सल्ला असा: करार, निविदा, तांत्रिक सूचना, वैद्यकीय मजकूर यांत ऑक्सफर्ड कॉमा नेहमी द्या. इतरत्र संस्थेची पद्धत पाळा, पण एकाच मजकुरात कधी दिला, कधी गाळला असं करू नका. यादीतल्याच एखाद्या घटकात ‘अँड’ असेल तर पद्धत काहीही असो, कॉमा द्याच: “पोहे, इडली, ब्रेड अँड बटर, अँड टी.”

विशेषणांची रांग असेल तर दोन कसोट्या लावा. विशेषणांची अदलाबदल करून पाहा आणि मध्ये ‘अँड’ घालून पाहा. “अ लाँग, टायरिंग जर्नी” दोन्ही कसोट्यांना उतरतं, म्हणून कॉमा. “अ बिग रेड बस” उतरत नाही, म्हणून नाही.

आठवी पायरी: हाक, तारीख, आकडे

कुणाला उद्देशून बोलताना नाव कॉमाने वेगळं करा. “कॉल मी, राजू” म्हणजे राजू, मला फोन कर. “कॉल मी राजू” म्हणजे मला राजू म्हणा. “थँक यू, मॅडम”, “येस, सर” यांतही कॉमा हवा. ‘डिअर सर’ किंवा ‘हाय सुनीता’ या पत्राच्या मायन्यात मात्र मधे कॉमा न देता शेवटी देण्याचा प्रघात आहे. ‘प्लीज’नंतर कॉमा नको: “प्लीज सेंड द फाइल.”

तारीख आपल्या पद्धतीने लिहिली तर कॉमा नाही: 15 ऑगस्ट 1947. अमेरिकी पद्धतीने लिहिली तर वर्षाच्या आधी कॉमा येतो, आणि वाक्य पुढे चालू राहत असेल तर वर्षानंतरही. गाव आणि राज्य यांचंही तसंच: “शी वर्क्ड इन नागपूर, महाराष्ट्र, फॉर टेन इयर्स.”

आकड्यांत आपण 12,34,567 असं लिहितो, अमेरिका-ब्रिटनमध्ये 1,234,567. परदेशी वाचकासाठी लिहिताना त्यांची पद्धत घ्या, नाहीतर 10,00,000 डॉलर ही त्यांना टंकनाची चूक वाटते. जर्मनीत कॉमा दशांशचिन्ह म्हणून वापरतात, त्यामुळे तिकडच्या कोटेशनमधला 1,500 हा आकडा दोनदा पाहा. स्प्रेडशीटमध्ये ही मांडणी प्रदेशाच्या सेटिंगवर अवलंबून असते, फाइल पाठवण्याआधी ते तपासा.

आणि टंकताना कॉमाच्या आधी जागा सोडू नका, नंतर सोडा. मोबाइलवर ही चूक फार होते, आणि मग ओळ तुटली की कॉमा एकटाच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

एक ईमेल तपासून पाहू

मुद्दाम रचलेला हा नमुना आहे, पण यातली प्रत्येक चूक रोजच्या पत्रव्यवहारातली आहे.

“आय वॉन्ट टु इन्फॉर्म यू, दॅट द मटेरियल, विच वी ऑर्डर्ड ऑन 3 मार्च हॅज नॉट अराइव्ह्ड, द सप्लायर सेज, दॅट द ट्रक इज स्टक अ‍ॅट नाशिक, सो वी कॅनॉट स्टार्ट द वर्क, अँड रिक्वेस्ट यू टु एक्स्टेंड द डेट.”

‘इन्फॉर्म यू’ आणि ‘सेज’ यांच्यानंतरचे दोन्ही कॉमा ‘की’च्या सवयीचे, ते गेले. ‘अराइव्ह्ड’पाशी वाक्य पूर्ण होतं, तिथे पूर्णविराम हवा. ‘नाशिक’नंतरचा कॉमा राहील, कारण ‘सो’ने नवा कर्ता आणि नवं क्रियापद आणलं आहे. ‘वर्क’नंतर ‘अँड’ आहे पण नवा कर्ता नाही. तिथला कॉमा नुसता काढला तर ‘रिक्वेस्ट’ हे ‘कॅनॉट’ला जोडलं जातं, आणि आम्ही विनंती करू शकत नाही असा उलटाच अर्थ होतो. म्हणून ते वाक्य तोडून पुढे ‘वी’ घालायचं.

“आय वॉन्ट टु इन्फॉर्म यू दॅट द मटेरियल वी ऑर्डर्ड ऑन 3 मार्च हॅज नॉट अराइव्ह्ड. द सप्लायर सेज दॅट द ट्रक इज स्टक अ‍ॅट नाशिक, सो वी कॅनॉट स्टार्ट द वर्क. वी रिक्वेस्ट यू टु एक्स्टेंड द डेट.”

सहांपैकी एकच कॉमा उरला. ‘मटेरियल’नंतरचा काढताना मी असं धरलं की माल वेगवेगळ्या तारखांना मागवला आहे आणि 3 मार्चचाच यायचा राहिला आहे. सगळा माल एकाच ऑर्डरचा असेल, तारीख नुसती माहितीसाठी असेल, तर ‘विच’ परत आणा आणि त्याच्याआधी एक, ‘मार्च’नंतर एक असे दोन्ही कॉमा द्या. यातलं खरं काय ते ऑर्डर देणाऱ्यालाच ठाऊक असतं, म्हणून दुसऱ्याचं इंग्रजी तपासताना या जागी मी त्याला विचारतो आणि मगच पेन उचलतो.